दादाच्या मागोमाग

अबुधाबी,
१४ जानेवारी २०२५

प्रिय प्रल्हाद,

फोन करायचा सोडून ताई मेल का लिहितेय, असं वाटेल तुला. घरी बोलताच येत नाही. दादा दिवसभर हॉलमध्ये बसलेला असतो, आणि आमच्या खलिफा सिटीतल्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये कुजबुजलं तरी बाहेर ऐकू जातं. म्हणून ऑफिसातून लिहितेय. आज संक्रांत. सकाळी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, तर तो मुठीत धरून बसून राहिला. मी ऑफिसला निघाले तेव्हाही मूठ तशीच होती.

रविवारी आपण रास अल खैमाच्या डोंगरातून खाली आलो, पण माझं मन अजून वरच आहे. डोळे मिटले की खडी घसरल्याचा आवाज येतो. माझ्या बाजूने जे घडलं ते लिहिते, म्हणजे उरलेलं तुला विचारता येईल.

वहिनी गेल्यापासून दादा अंबाजोगाईच्या घरातून हललाच नव्हता. त्याला इकडे आणावं, थंडीत तिघं भावंडं तंबू घेऊन डोंगरात जावं, लहानपणी तो आपल्याला न्यायचा तसं, ही आयडिया तुझी. शनिवारी किती हसलो आपण! त्या पडक्या दगडी घरांपाशी तंबू लावला, तू बार्बेक्यू जाळलंस, दादानं कोरा चहा केला. रविवारी सकाळी वर निघालो. दादा पुढे, मधे मी, मागे तू. वादीला, त्या कोरड्या ओढ्याला, जिथे दोन फाटे फुटतात तिथे तो जरासा थांबला आणि डावीकडे वळला. तू फोनवर मॅप काढलास तर म्हणाला, "खिशात ठेव ते. जन्मभर भूगोल शिकवलाय मी." आपण हसलो आणि गेलो त्याच्या मागोमाग.

मग ती घसरडी उतरण, माझा मुरगळलेला गुडघा, आणि समोर नुसता कडा. तू वाट शोधायला खाली गेलास. जाताना दादाला म्हणालास, "ताईला सोडून जाऊ नकोस." तो हो म्हणाला. आणि थोड्या वेळाने उठला. "पाणी बघून येतो," म्हणाला आणि गेला.

पाणी आपल्या बॅगेत होतं, प्रल्हाद. बाटल्या भरलेल्या होत्या. त्यानेच सकाळी भरल्या होत्या.

मी किती ओरडले. वारा असा होता की माझी हाक मलाच ऐकू येईना. तू परत आलास, मला कसंबसं खाली तंबूपाशी आणून बसवलंस, आणि पुन्हा वर गेलास. दुपार कलल्यावर तुम्ही दोघं दिसलात. तू फक्त म्हणालास, "सापडला. यल्ला, निघू." गाडी चालवताना तू आरशातून सारखा त्याच्याकडे बघत होतास. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

कुठे सापडला? काय करत होता? काय म्हणाला?

तुझी,
ताई


इंटरनॅशनल सिटी, दुबई
१६ जानेवारी

हेमाताई,

सॉरी, उशीर झाला. संक्रांतीच्या गूळपोळ्यांच्या ऑर्डरी इतक्या होत्या की मी आणि रिद्धी दोन दिवस किचनमधून बाहेरच आलो नाही. शारजाहून एक बाई रोज फोन करते, भैया, मेरा पार्सल किधर.

अगं, काही नाही. वाट चुकला. माणूस चुकतो. पाणी शोधत खाली उतरला आणि पलीकडच्या घळीत गेला. तिथे जुन्या शेताचा बांध आहे, कड्याच्या अगदी टोकाला, त्यावर आरामात बसला होता. मी हाक मारली, आला. खलास.

प्लॅनिंग माझं होतं, त्यामुळे चूकही माझीच. धडा एवढाच, की डोंगरात गेल्यावर तिघांनी वेगळं व्हायचं नाही, आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. ड्रॅगन मार्टमधून आणून ठेवल्यासुद्धा. आता तू गुडघ्याकडे बघ. दादाला जास्त प्रश्न विचारू नकोस. दमलाय तो.

प्रल्हाद


अबुधाबी,
२१ जानेवारी

प्रल्हाद,

"कड्याच्या अगदी टोकाला आरामात बसला होता." हे लिहून तू पोळ्या लाटायला मोकळा झालास. मी ते वाक्य घेऊन रात्रंदिवस फिरतेय.

वहिनी जाऊन सहा महिने होतील. तिच्याशिवाय तो कधी कुठे गेला का? भाजीला जायचे तर दोघं, बँकेत दोघं, न्हाव्याकडेसुद्धा ती बाहेर बाकावर बसायची. आपण हसायचो, कमलिनीवहिनीला नवऱ्याशिवाय करमत नाही म्हणून. आता तो एकटा उरलाय. भरलेल्या बाटल्या टाकून पाणी शोधायला गेलेला माणूस कड्याच्या टोकाला का बसतो, हे मी काय समजायचं?

मी बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलंय. सत्यजितच्या बीपीच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये असतात. किचनमधल्या सुऱ्या वरच्या कपाटात. सत्यजित म्हणतो, डॉक्टरांना दाखवू. दाखवून काय सांगू? माझ्या मोठ्या भावाला जगायचं नाही, असं? तोंडातून निघत नाही.

तो बोलत नाही. बाहेर गेला तर लगेच परत येतो. दारातल्या चपला मोजतो. काल केया मला म्हणाली, "ममा, व्हाय इज मामा काउंटिंग आवर शूज?" मी म्हटलं, मास्तर होता ना, सवय असते. ती म्हणाली, "नो ममा. ही लुक्स स्केअर्ड."

सोळा वर्षांच्या मुलीला दिसतं, आणि तू मला शिट्ट्यांचं सांगतोस.

सरळ विचारते, सरळ सांग. दादा जीव द्यायला गेला होता का?

हेमा


दुबई, २२ जानेवारी

ताई, नाही. आईशप्पथ नाही. तसलं काही नाही.

बाल्कनीचं कुलूप काढ. त्याला कळतं ते, आणि त्याला काय वाटत असेल याचा विचार कर.

मी शब्द दिलाय एक, त्यामुळे यापेक्षा जास्त लिहीत नाही. वीकेंडला येतो.

प्रल्हाद


अबुधाबी,
३ फेब्रुवारी

प्रल्हाद,

तू आला नाहीस. त्या वीकेंडलाही नाही आणि परवाही नाही. केटरिंगची ऑर्डर होती म्हणे. असो. हा मेल मी घरून लिहितेय, दार उघडं ठेवून. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

काल रविवार. सकाळी दादा म्हणाला, "खालून कोथिंबीर आणतो." इतक्या दिवसांनी स्वतःहून काहीतरी म्हणाला म्हणून मला बरं वाटलं. सुपरमार्केट आमच्या बिल्डिंगच्या शेजारीच. तो आला नाही. सत्यजित गाडी घेऊन निघाला, मी लंगडत प्रत्येक गल्लीत. इथे सगळे व्हिला एका रंगाचे, सगळ्या भिंती एका उंचीच्या. दिसेल त्या वॉचमनला विचारलं, "एक बुजुर्ग आदमी देखा? सफेद शर्ट?" मला शोधायचं होतं रस्त्यावर, पण माझे डोळे सारखे बिल्डिंगांच्या गच्च्यांकडे जात होते. कशाकरता ते तुला लिहायला नको.

दुपारी फोन आला. एअरपोर्टवरून. दादा बसमध्ये बसून एअरपोर्टला गेला होता. निघायच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसला होता, हातात कोथिंबिरीची जुडी. ना पासपोर्ट, ना बॅग. हेल्पडेस्कवरची मल्याळी मुलगी त्याच्या शेजारी बसून होती. त्याच्या खिशातलं माझं व्हिजिटिंग कार्ड तिला मिळालं, तेही केयाने घातलेलं. ती मला म्हणाली, "अंकल बोल रहे थे, घर जाना है."

गाडीत माझा बांध फुटला. मी त्याला विचारलंच. "दादा, तुला मरायचंय का? त्या दिवशी कड्यावर त्याचसाठी बसला होतास का?"

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "म्हणून ते कुलूप होय?" आणि हसला. आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, "प्रल्हादला विचार. मी त्याला सांगू नकोस म्हटलं होतं. आता सांग म्हणावं."

तर सांग.

हेमा


दुबई,
४ फेब्रुवारी

ताई,

सुटलो. खरंच सांगतो, सुटलो. तुझ्याकडे येत नव्हतो कारण तुझ्यासमोर मला खोटं बोलता आलं नसतं.

त्या दिवशी तुला तंबूपाशी बसवून मी वर गेलो. आपल्या तंबूच्या पलीकडे पिकअप घेऊन एक इमाराती बापलेक आलेले होते, आठवतात? त्यांना विचारलं. माझं अरबी म्हणजे शुक्रन आणि हबीबी. पण "ब्रदर, लॉस्ट" एवढ्यावर ते उठले. म्हातारा त्या बाजूने, मुलगा या बाजूने, मी मधून. हाका मारून माझा घसा फुटला. त्या बांधापाशी पोचलो तेव्हा दादा मला पाठमोरा दिसला. एक बूट पायात, एक शेजारी. मी "दादा" म्हटलं. त्याने वळून बघितलं आणि उभा राहिला. अदबीने. मला म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडची सगळी मुलं उतरली का? माझ्यातली दोन कमी भरतायत."

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग त्याचे डोळे बघितले. ताई, तो मला ओळखत नव्हता. तो शाळेची सहल घेऊन आला होता. कड्याच्या टोकाला बसला होता तो खाली बघायला, मुलं दिसतात का म्हणून. हात धरला तर झिडकारला. "मुलं सोडून मी येणार नाही," म्हणाला. मी पुढे गेलो की तो मागे सरकायचा, आणि मागे जागा नव्हती.

शेवटी मी म्हटलं, "सर, सगळी उतरली. दोघं माझ्या तुकडीत मिसळली होती. खाली चहा पितायत."

"मोजलीत?"

"मोजली, सर."

मग तो आला. लहान मुलासारखा माझा हात धरून. त्या म्हाताऱ्याने त्याला खजूर दिले, पाणी दिलं, स्वतःची शाल त्याच्या अंगावर टाकली. बराच वेळ गेल्यावर दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "प्रल्हाद, तू कधी आलास?" आणि लगेच त्याला सगळं कळलं. चेहरा असा पडला ना त्याचा! म्हणाला, "हेमाला सांगू नकोस. ती मला एकट्याला अंघोळीलाही जाऊ देणार नाही."

मी शब्द दिला. वाटलं, थंडी, थकवा, पोटात काही नाही, त्यामुळे झालं असेल. खोटं कशाला बोलू, तसं वाटून घेतलं. तुझ्या चपलांच्या मेलवरून समजलं होतं मला. तरी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर ते खरं झालं असतं.

ये, भांड माझ्याशी. फोनवर भांड, तो ऐकू दे.

प्रल्हाद


अबुधाबी,
११ फेब्रुवारी

प्रल्हाद,

भांडणार होते. मेल वाचून आधी बाल्कनीचं कुलूप काढलं आणि मग तिथेच उभी राहून रडले. मी तीन आठवडे माझ्या भावाला मरणापासून राखत होते, आणि तो बिचारा चपला मोजून आपण सगळे घरात आलोय ना ते बघत होता.

काल डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं. विस्मरणाचा आजार, आणि कालपरवाचा नाही. दादा शांत होता. घरी आल्यावर म्हणाला, लातूरच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलंय. वहिनीला माहीत होतं. बँक, भाजी, न्हावी, आलं लक्षात? आपण हसत होतो आणि ती त्याला घरी आणून सोडत होती.

आणि मी. त्या फाट्यापाशी मला दिसलं होतं, प्रल्हाद. सकाळचं ऊन उजव्या गालावर असायला हवं होतं आणि ते पाठीवर आलं. मनात आलं, विचारावं, दादा, नक्की ना? नाही विचारलं. दादाला कसं विचारायचं? तुझ्या फोनमध्ये मॅप होता, तू तो खिशात ठेवलास. आपण दोघं पन्नाशीकडे झुकलेली माणसं, शाळेतल्या पोरांसारखी गप्प चालत राहिलो.

तर आता मी विचारत बसणार नाही, ठरवलंय. त्याचा व्हिसा वाढवायचा. इथे माझ्याकडेच ठेवायचं, दिवसा एक बाई किंवा मेल नर्स. दाराला कोडचं लॉक. तू अंबाजोगाईचं घर भाड्याने द्यायचं बघ.

ताई

ता. क. तुझा "त्याला त्याच्या घरी राहू दे" हा व्हॉइस मेसेज ऐकला. तिथे कोण बघणार? तुझ्या पोळ्या?


खलिफा सिटी,
१६ फेब्रुवारी

चि. हेमा आणि चि. प्रल्हाद यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं फोनवरचं भांडण दोन दिवस ऐकतो आहे. त्यात सगळं आहे, व्हिसा, नर्स, कुलूप, भाडेकरू. फक्त मला कोणी काही विचारलेलं नाही. म्हणून हे लिहितो. हेमा इथेच स्वयंपाकघरात आहे, तरी लिहितो, कारण बोलताना ती मला मधेच पाणी आणून देते. शब्द अडला की केयाला विचारतो. तिला येत नाही, पण ती माझ्यासोबत थांबते. या कागदाचा फोटो काढून तीच तुम्हाला पाठवेल.

कड्यावरचं मला आठवत नाही. प्रल्हादने सांगितलं तेवढंच माहीत. पण फाट्यापाशी मी उभा होतो ते लख्ख आठवतं. डावीकडे की उजवीकडे, मला कळत नव्हतं. तुम्ही दोघं मागे उभे होतात. तुमच्यासमोर विचारायचं कसं, म्हणून चालू लागलो. कमलिनी असती तर तिनं नुसतं कोपरानं ढकललं असतं.

हेमा, तुझ्या घरी मला कशाचीही कमतरता नाही. पण इथे माझ्या चुकण्याला जागा नाही. सगळ्या भिंती सारख्या, आणि कोणी मला ओळखत नाही. गावात चुकलो तर निदान कोणाच्या तरी दारात चुकेन.

पुढे एक दिवस मला तेही कळणार नाही. तेव्हा तुम्ही ठरवा, कुलूप लावा, मी रागावणार नाही. रागवायचं लक्षातच राहणार नाही. तोवर मला ठरवू द्या.

माझं परतीचं तिकीट महिनाअखेरचं आहे. मी जाणार.

तुमचा,
अंबादास


अंबाजोगाई,
६ एप्रिल

हेमाताई,

तुझे तिन्ही मेल मिळाले. हो, गोळ्या वेळेवर. हो, गॅसचा कॉक मी रात्री बंद करतो. मे अखेरपर्यंत मी आहे. रिद्धी म्हणते किचन ती सांभाळेल, आणि माझ्याशिवाय पोळ्या जास्त खपतायत. जूनमध्ये काय, यावर आपण परत भांडू. केयाची सुट्टी जुलैत, तेव्हा तू येशील, म्हणजे मधला महिना उघडाच आहे. मलाही झोप लागत नाही त्या महिन्याच्या विचाराने.

पण आज एक झालं ते लिहितो.

आलो त्या दिवसापासून आम्ही सकाळी फिरायला जातो. मी पुढे आणि तोंडाने चालू, "दादा, डावीकडे. दादा, आता उजवीकडे." दादा चिडायचा. एकदा भर रस्त्यात म्हणाला, "तुझ्यापेक्षा ती गाडीतली मॅपवाली बाई बरी, ती निदान मधे मधे गप्प असते." म्हणून मी चार दिवसांपासून मागे चालायला लागलो. बोलायचं नाही, नुसतं मागे राहायचं. अवघड आहे. पायांना सारखी घाई होते.

आज बाजारातल्या चौकात तो थांबला. चारही रस्त्यांकडे बघितलं. तो फाट्यापाशी असाच थांबला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो मेडिकलच्या दुकानाकडे गेला. भिकाजी शटर वर करत होता. दादाचा विद्यार्थी तो, आता त्याचीच पोरं कॉलेजात आहेत.

दादा म्हणाला, "भिकाजी, आमच्या घराकडे कुठून जायचं रे?"

भिकाजी हसला. "काय सर, सकाळी सकाळी चेष्टा करताय गरिबाची."

"चेष्टा नाही. मला हल्ली लक्षात राहत नाही. आजार आहे तसा. सांग."

असं सरळ. दूधवाला उभा होता, दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर. भिकाजीचा हात शटरवर तसाच राहिला. मग तो पायरी उतरून खाली आला, दादाच्या शेजारी उभा राहिला आणि हात लांब करून म्हणाला, "सर, हा रस्ता सरळ. लिंबापाशी उजवीकडे. निळं दार."

दादाने म्हणून दाखवलं. "सरळ. लिंबापाशी उजवीकडे. निळं दार." आणि निघाला.

भिकाजीने माझ्याकडे बघितलं. "मी जाऊ का सरांबरोबर?" मी मानेनेच नको म्हटलं. लिंबापाशी दादा पुन्हा थांबला. जरा जास्तच थांबला, ताई. एक रिक्षा हॉर्न देत त्याच्या जवळून गेली. मी पळत जाणार होतो. नाही गेलो. ओठ हलताना दिसले त्याचे. मग तो उजवीकडे वळला.

मी मुद्दाम अंतर ठेवून गेलो. पोचलो तेव्हा निळं दार उघडं होतं, चहाचं आधण गॅसवर होतं, आणि दादा उंबऱ्यात उभा राहून मला रागावत होता, "कुठं चुकला होतास एवढा वेळ?"

तुझा,
प्रल्हाद